टोचनची दोरी कुठे गेली?

कांद्याने भरलेला ट्रक रस्त्याच्या कडेला तिरपा उभा आहे. मागचा पाटा तुटलेला. दहा पावलांवर बाभळीची फांदी आणि चार दगड टाकलेले. ड्रायव्हर एकटाच, मोबाईलचा उजेड पाडून चाकाखाली बघतो आहे. रात्रीचे अकरा वाजून गेलेत. शेजारून गाड्यांमागून गाड्या जातात. त्यातल्या कित्येक त्याच्यासारख्याच पिंपळगाव, लासलगाव नाहीतर सायखेड्याचा माल घेऊन निघालेल्या. हॉर्न वाजतो, डिपर मारला जातो. थांबत मात्र कुणी नाही.

असा ट्रक निफाड तालुक्यातल्या माणसाने पाहिला नाही असे होणार नाही. आणि पाहून आपणही मोटारसायकल न थांबवता पुढे गेलो, हेही तितकेच खरे.

शेतीच्या पानावर ट्रकवाल्यांचे रडगाणे कशाला, असे कुणी म्हणेल. सायखेड्याच्या उपबाजारात लिलाव झाला, हिशेबपट्टी हातात पडली, की शेतकऱ्याच्या लेखी कांदा विकला गेला. पण व्यापाऱ्याच्या खळ्यावर गोणीत भरलेला तो कांदा सिलिगुडी, कोलकाता, पाटणा नाहीतर चेन्नईला उतरेपर्यंत खरा विकलेला नसतो. कोलकाता म्हणजे जवळपास दोन हजार किलोमीटरची मजल. वाटेत गाडी दोन दिवस खोटी झाली की ताडपत्रीखाली कांदा गरम होतो, पाणी सोडतो. तिकडे घट कापली जाते, आणि ती घट फिरून फिरून पुढच्या आठवड्याच्या बोलीत उतरते. व्यापारी पदरचे घालत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. द्राक्षाच्या गाडीचे तर विचारूच नका. तिचे थंड करणारे यंत्र बंद पडले की दिवसही लागत नाहीत, तासांवर निकाल.

शिवाय ड्रायव्हर म्हणजे तरी कोण? दोन एकर रान तीन भावांत वाटले की एक जण स्टेअरिंगवर बसतो. आपल्या पंचक्रोशीतल्या किती घरांत असा एक मुलगा आहे ते ज्याने त्याने मोजावे.

ट्रक यायच्या आधी बाजाराला बैलगाड्या जात. एकटी गाडी रात्री कुणी सोडत नसे. पाच-सात गाड्यांची रांग, साट्याखाली कंदील टांगलेला, पुढच्या गाडीचे बैल वाट ओळखणारे, आणि मागचे गाडीवान घोंगडी ओढून पडलेले. एखाद्याचा आख मोडला तर रांग थांबे. माल बाकीच्या गाड्यांत वाटून घेत, मोडक्या गाडीजवळ एक जण राखणीला बसे, आणि मगच पुढे हालत. यात उपकाराचा भाव नव्हता. शेतात सावड होती, इर्जिक होती. आज तुझ्या रानात सहा नांगर, उद्या माझ्या. तीच रीत रस्त्यावर आली होती.

पहिल्या पिढीचे ड्रायव्हर याच गाडीवानांची पोरं. त्यांनी बैल सोडले, रीत सोडली नाही. ट्रकच्या टपावर गुंडाळलेली जाड दोरी असे, ती स्वतःच्या गाडीसाठी कमी आणि दुसऱ्याच्या गाडीसाठी जास्त लागायची. कसाऱ्याच्या घाटात नाहीतर चांदवडच्या राहूड घाटात एखादी गाडी दम तोडून उभी राहिली की मागून येणारा पहिला भरला ट्रक थांबायचा, निदान विचारायचा तरी. जॅक, टामी, पान्हे, स्टेपनी उसनी मिळायची. ती पुढच्या गावच्या धाब्यावर ठेवून जायचे, मालक आठ दिवसांनी परतताना उचलायचा. डिझेलमध्ये हवा धरली तर दोन परके उस्ताद वाकून पंप ठोकत बसायचे. भाषा एकाची पंजाबी, दुसऱ्याची तमिळ, तिसऱ्याची आपली निफाडी; पान्ह्याला सगळ्या भाषा समजायच्या.

भाऊसाहेबनगरला निफाड कारखान्याची गव्हाण चालू असायची तेव्हा उसाच्या गाड्यांच्या रांगेत हेच दिसे. रात्र रात्र नंबर लागत नसे. तीन दगडांच्या चुलीवर एकाचे पीठ, दुसऱ्याचे तेल-मीठ, तिसऱ्याच्या घरचा ठेचा. नंबर आला आणि ड्रायव्हर झोपलेला असला तर शेजारचा त्याची गाडी पुढे ओढून ठेवायचा. आज झोपलेल्याच्या पुढे गाडी घालतात.

जुना काळ सगळाच सोन्याचा होता असे आमचे म्हणणे नाही. दारू होती, अफूची गोळी होती. गाडी दुरुस्त झाली की मागे ठेवलेले दगड तसेच रस्त्यात टाकून निघून जायचे, आणि त्यावर सायकलवाला आदळायचा, ही खोड तर जुनीच. कुणाला उडवून पळालेल्या गाडीला पुढे दडवून ठेवण्यातही हाच भाईचारा कामी येई. क्लीनर पोराचे हाल कुत्रा खाणार नाही असे असत. शिव्या आणि थपडा खातच तो गाडी शिकायचा. हे सगळे मान्य. तरी रस्त्यात अडलेला माणूस एकटा पडत नव्हता, आणि आता पडतो.

का पडतो? माणुसकी संपली म्हणून, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. मदत करायची तर आधी थांबावे लागते. आणि आजच्या ट्रकवाल्याला थांबण्याची सोयच उरलेली नाही, अशी ही गोष्ट आहे.

केबिनमधला दुसरा माणूस आधी गेला. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत अशी अट होती, ती २०१८ मध्ये निघाली. अट कागदावरच पाळली जात होती हे खरे. पण दुसरा ड्रायव्हर नसला तरी क्लीनर असायचा. भाडे परवडेना तसा मालकाने क्लीनर कमी केला. आता ड्रायव्हरने खाली उतरून दुसऱ्याच्या चाकाशी झटायचे ठरवले, तर त्याच्या गाडीतल्या मालाकडे कोण बघणार? डिझेलच्या टाकीकडे कोण बघणार? ‘आपण थांबलो आन् आपलंच टायर गेलं तर?’ हा प्रश्न त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी आलाच असता. अंधारात हात दाखवून गाडी थांबवायची आणि लुटायचे, असे प्रकार इतके ऐकू येतात की खरा अडलेला आणि खोटा अडलेला यात फरक करायला कुणी धजत नाही.

मग मालकाचा डोळा. गाडीत बसवलेल्या यंत्रामुळे गाडी कुठे किती मिनिटे उभी आहे ते मालकाला घरबसल्या मोबाईलवर दिसते. वीस मिनिटे थांबली की फोन. दुसऱ्याला टोचन करायला थांबलो, असे सांगितले तर शाबासकी मिळेल असे मालक किती? कांद्याला जाताना ई-वे बिल लागत नाही, पण परतीच्या मालाला लागते, आणि २०२१ पासून त्याचा हिशेब दिवसाला २०० किलोमीटर असा आहे. ट्रान्सपोर्टवाल्याने दिलेली मुदत त्याहून कडक असते. ज्याची गाडी स्वतःची आहे त्याच्या डोक्यावर फायनान्सचा हप्ता. गाड्या वाढल्या, भाडे वाटून गेले. काल ज्याच्याबरोबर एका ताटात जेवला त्याच्यापेक्षा पाचशे रुपये कमी सांगून आज भाडे उचलावे लागते. अशाने मनात गाठ पडणारच.

गाडीही बदलली. १ एप्रिल २०२० पासून विक्रीला आलेले ट्रक बीएस-६ इंजिनाचे. धूर कमी झाला, चांगले झाले. पण त्याची नस पान्ह्याला सापडत नाही. दिवा लागला की कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन यायचा, तेव्हा गाडी बोलणार. शेजारच्या उस्तादाला चाळीस वर्षांचा अनुभव असला तरी तो नुसता चाकावर लाथ मारून बघणार. (या नव्या गाड्यांना धुरासाठी युरियाचे पाणी पाजावे लागते. ड्रायव्हर त्याला सरळ ‘युरिया’च म्हणतात. खताच्या दुकानापुढे रांग लावून परतलेल्या आमच्या शेतकऱ्याने हे ऐकून कपाळाला हात लावला तर नवल नाही. अर्थात तो युरिया वेगळा, डब्यात मिळणारा.) पूर्वी मदत म्हणजे ज्ञानाची देवघेव होती. आता थांबणाऱ्याकडे द्यायला फक्त चार शब्द उरले, आणि चार शब्दांसाठी पंचवीस टनांची गाडी कोण थांबवतो?

थांबायच्या जागाही गेल्या. नाशिकची जकात २०१३ मध्ये गेली, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याराज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले, फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. या नाक्यांवर जो खोळंबा आणि जी चिरीमिरी चाले ती पुन्हा यावी असे कुणीही म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. पण विल्होळीच्या नाक्यावर तासभर अडकलेले वीस ड्रायव्हर एकमेकांना ओळखायचे, पुढचा रस्ता कसा आहे ते सांगायचे, कुणाच्या घरी काय झाले ते कळायचे. समृद्धी महामार्ग सिन्नर तालुक्यातून गेला. नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटर पुरे झाले. झपाट्याने जाणारा रस्ता आहे, पण जुन्या रस्त्यासारखा ओळखीचा धाबा, वडाचे झाड, रस्त्याकडेची विहीर त्यावर नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. उन्हाने भाजून निघणाऱ्या ड्रायव्हरला तो हवाच होता, उशिरा का होईना आला. फक्त काच वर गेली की शेजारच्या गाडीतली हाक आत येत नाही, एवढेच.

कामाच्या तासांचे काय, असे कुणी विचारील. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास असे लिहिले होते. पण तो पाच वा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता, आणि आपल्याकडचा ट्रकमालक एक-दोन गाड्यांचा. म्हणजे कायदा होता, तो ज्यांच्यासाठी हवा त्यांना सोडून.

मग ड्रायव्हरांत एकी उरलीच नाही का? तसेही नाही. जानेवारी २०२४ ची पहिली तारीख आठवा. अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या भारतीय न्याय संहितेतल्या तरतुदीविरुद्ध देशभर चाके थांबली. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांच्या डेपोवर टँकर उभे राहिले आणि नाशिक जिल्ह्यातल्या पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरकारने वाहतूकदारांच्या अखिल भारतीय संघटनेशी बोलणी केली. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा तेवढे पोटकलम बाजूला ठेवले गेले. हजारो माणसे दोन दिवस एका शब्दावर थांबू शकतात. तीच माणसे तुटलेल्या पाट्यासाठी अर्धा तास थांबू शकत नाहीत. संपात सगळेच थांबतात, कुणा एकट्याचे नुकसान होत नाही. रस्त्यात थांबणारा एकटाच नुकसानीत जातो. फरक तिथे आहे.

त्या संपाच्या वेळी ड्रायव्हरांचे एक म्हणणे असे होते की, अपघातानंतर आम्ही पळतो ते शिक्षेच्या भीतीने नव्हे, जमावाच्या भीतीने. इथे बोट आपल्याकडे वळते. चूक कुणाची हे बघायच्या आधी मोठ्या गाडीवाल्याला खाली ओढायचे, ही गावोगावची रीत झाली आहे. आणि ट्रक उलटला की? ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला, आणि लोक बारदान घेऊन माल भरायला धावतात. कोंबड्या असोत, तेल असो, नाहीतर टोमॅटो. दुसऱ्याच्या गावात आपला कांदा असाच लुटला गेला म्हणजे आपण चार दिवस हळहळतो. ज्या रस्त्यावर गावकरी असे वागतात, तिथे परमुलखातल्या ड्रायव्हरने दुसऱ्यासाठी खाली उतरावे, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

याच गोदाकाठाला दुसरीही बाजू आहे. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत पाणी शिरले, पुलाला पानवेली अडकल्या, तेव्हा इथली तरुण पोरं कुणी सांगायची वाट न बघता पाण्यात उतरली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, धाबे बंद पडले, तेव्हा महामार्गावरच्या गावांनी चालत निघालेल्या मजुरांना आणि अडकलेल्या ट्रकवाल्यांना भाकरी बांधून दिल्या. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला कांद्याची निर्यात एकाएकी बंद झाली आणि आपल्या भागातला माल घेऊन गेलेले ट्रक बांगलादेशच्या सीमेवर अडकून पडले. मागे कांदा सडतो आहे, पुढे दरवाजा बंद, आणि खिशातला भत्ता संपत आलेला. दिल्लीतल्या एका सहीने शेतकरी बुडतो हे आपण दरवेळी लिहितो. त्या सहीखाली आणखी एक माणूस दिवसेंदिवस केबिनमध्ये बसून राहतो, त्याचे नाव आपल्या निवेदनात कधी येत नाही.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू. सरकारने काही ठिकाणी पंपांवर ड्रायव्हरांसाठी विश्रांतीच्या खोल्या काढल्या आहेत, त्या महामार्गावर. माल मात्र भरला जातो सायखेड्यासारख्या गावात, खळ्यावर. कुठल्याही कांदा खळ्यावर संध्याकाळी जाऊन बघावे. भरणी व्हायला रात्र होते. ड्रायव्हर सकाळपासून उभा. त्याने अंघोळ कुठे करायची, परसाकडला कुठे जायचे, पाठ कुठे टेकायची? बाजार समित्या बाजार फी घेतात, व्यापारी नफा घेतात, हमाल-मापाडी आपली मजुरी घेतात. नळ, संडास, दिवा, चार खाटांची शेड आणि मोबाईल चार्ज करायला दोन बटणे, एवढे बाजार समिती आणि खळेवाल्यांनी मिळून केले तर कुणी भिकेला लागणार नाही. चार ड्रायव्हर एका जागी झोपले की उठताना एकमेकांचे नंबर घेऊन उठतात. एकाच दिशेचे असले तर बरोबर निघतात. बैलगाड्यांची रांग म्हणतो ती यापेक्षा वेगळी नव्हती.

व्यापाऱ्यांनी आणखी एक करावे. अडलेल्या गाडीला मदत करायला थांबलो, असे ड्रायव्हरने फोटोनिशी कळवले तर त्या तासांची खोटी आणि तेवढी घट त्याच्या भाड्यातून कापू नये. बिल्टीवर एक ओळ छापायला किती शाई लागते?

ग्रामपंचायतीचे आणि पोलीस पाटलांचे काम वेगळे. बंद पडलेला ट्रक रात्रभर रस्त्यावर राहिला तर पहाटे दुधाची कॅन घेऊन निघालेला आपलाच पोरगा त्यावर आदळतो. बिगर रिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉलीने हे दुःख किती घरांना दिले ते सांगायला नको. तेव्हा एक जाड दोरी, एक मोठा जॅक, चार चमकणारे त्रिकोण आणि एक बॅटरी, हे सामान ग्रामपंचायतीत नाहीतर सोसायटीच्या गोदामात ठेवावे. किल्ली ग्रामसुरक्षा दलाकडे द्यावी. चौकात एक फलक लावावा: क्रेनवाला, टायरवाला, मेकॅनिक, ट्रॅक्टरवाला यांचे नंबर, वर १०८ आणि ११२. परमुलखातल्या माणसासाठी तोच मजकूर हिंदीतही.

आणि पोलीस पाटलांनी गावाला एक गोष्ट समजावून सांगावी. अपघातात मदत केली तर पोलीस चौकीच्या चकरा माराव्या लागतात, ही भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. जखमीला नेणाऱ्यावर दावा नाही, नाव सांगायची सक्ती नाही. मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीवर ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता व्हावेत अशी केंद्राची योजना आहे. जखमी ड्रायव्हर बिहारचा असला तरी ती त्याला लागू आहे. ‘याचं बिल कोण भरणार?’ म्हणून गाडीत घालायला कचरू नये.

जाता जाता शेतकऱ्यांनाही एक विचारायचे आहे. लिलावाला निघालेला ट्रॅक्टर पुलाअलीकडे पंक्चर होऊन उभा असतो. मागून येणारे आपण त्याला ओळखतो, वावराला वावर लागून असते. तरी नंबर पुढे लागावा म्हणून ट्रॉली बाजूने काढतो आणि ‘येतोच मागारी’ म्हणून हात हलवतो. येतो का मागारी?

ग्रामसभा होईल तेव्हा दोरी, जॅक आणि फलकाचा विषय पत्रिकेवर घ्यावा, त्यासाठी अर्ज आधी द्यावा. बाजार समितीकडे नळ आणि शेडची मागणी वेगळ्या अर्जाने, शेतकऱ्यांच्या आणि ड्रायव्हरांच्या, दोघांच्याही सह्यांनी जावी. उन्हाळ कांद्याची आवक वाढायच्या आत हे झाले तर त्याच हंगामात उपयोगी पडेल.